रिपोर्ट आला, पण कळलाच नाही!

'डॉक्टरसाहेब, आठ दिवस झाले, आईचा रिपोर्ट काही येत नाही,' पारनेर तालुक्यातील एक दुकानदार काकुळतीला येऊन सांगत होते. आईंच्या मानेवरील गाठीचा तुकडा तपासणीसाठी पुण्याला पाठवला होता. लॅबला फोन लावला, तर उत्तर मिळाले, 'रिपोर्ट चौथ्याच दिवशी ई-मेलने पाठवला आहे!'

मग तो गेला कुठे? शोधाअंती तो त्यांच्याच दुकानातील जुन्या संगणकात सापडला. ते मात्र रोज मोबाईल उघडून पाहत होते. गाठ क्षयाची निघाली. क्षयाची औषधे सरकारी आरोग्य केंद्रात मोफत मिळतात आणि पूर्ण घेतल्यास रोग बरा होतो. तरीही चार दिवस विनाकारण वाया गेलेच.

असे का घडले? वाचकहो, ई-मेल थेट आपल्या मोबाईलवर येत नाही. आधी ती 'सर्व्हर' नावाच्या दूरच्या संगणकावर पोहोचते. सर्व्हर म्हणजे आपले पोस्ट ऑफिसच समजा. तेथून पत्र मिळवण्याच्या दोन रीती आहेत. पहिली 'पॉप', म्हणजे पोस्टात जाऊन सगळी पत्रे पिशवीत भरून घरी आणणे. पत्राची प्रत सर्व्हरवर न ठेवण्याची सोय निवडलेली असेल, तर पोस्टात मागे काहीच उरत नाही. दुकानातील संगणकाने नेमके हेच केले होते.

दुसरी रीत 'आयमॅप'. ही १९८६ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात मार्क क्रिस्पिन यांनी तयार केली. हिच्यात पत्र सर्व्हरवरच राहते, वाचनालयातील वर्तमानपत्रासारखे. दुकानातून वाचा, घरून वाचा, पत्र जागचे हलत नाही. 'पत्र आले का?' असे पुन्हा पुन्हा न विचारता सर्व्हरनेच आपण होऊन कळवावे, अशी सोयही तिच्यात १९९७ साली आली.

आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजी खुले झाले. आज खेड्यापाड्यांतील रुग्णांचे रिपोर्टही ई-मेलने येतात. म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

१) घरात एकच ई-मेल खाते दोन ठिकाणी उघडत असल्यास दोन्हीकडे 'आयमॅप' निवडावे. 'पॉप' ठेवायचेच असेल, तर 'सर्व्हरवर प्रत ठेवा' ही सोय चालू करावी.

२) मोबाईलच्या सेटिंगमध्ये ई-मेलच्या अॅपला 'नोटिफिकेशन'ची परवानगी द्यावी. बॅटरी वाचवण्याची सोय चालू असल्यास सूचना उशिरा येऊ शकते. त्या अॅपला तिच्यातून वगळावे.

३) लॅबचा पत्ता आपल्या यादीत नोंदवावा आणि 'स्पॅम'चा कप्पाही रोज पाहावा. रिपोर्ट कधीकधी तेथे जाऊन पडतो.

४) नमुना देतानाच रिपोर्ट कोणत्या दिवशी मिळेल ते विचारून कॅलेंडरवर लिहून ठेवावे. तो दिवस उलटला, तर सूचनेची वाट न पाहता फोन करावा.

५) रिपोर्ट वाचून स्वतःच निदान करू नये. तो घेऊन आपल्या डॉक्टरांकडे जावे.

मात्र प्रत्येक जाहिरातीच्या पत्राला मोबाईल वाजू देऊ नये. त्याने झोपमोड होते, मन विचलित होते आणि कामाची सूचना त्या गर्दीत हरवते. छातीत दुखणे, धाप लागणे, शुद्ध हरपणे अशी लक्षणे असतील, तर कोणत्याही रिपोर्टची वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

त्या आईंची औषधे त्याच आठवड्यात सुरू झाली. चिरंजीवांनी दुकानातला संगणक आता 'आयमॅप'वर आणला आहे, आणि रिपोर्टची तारीख ते भिंतीवरच्या कॅलेंडरवरही लिहून ठेवतात. यंत्र विसरेल, भिंत विसरणार नाही!