लसीका कोशिकांचा विकास व संकेतमार्ग

लसीका कोशिकांचा विकास व संकेतमार्ग : अस्थिमज्जेतील मूळ कोशिकांपासून टी, बी व नैसर्गिक मारक या लसीका कोशिका निर्माण होतात. कोशिकेने कोणता प्रकार धारण करावा, जगावे की मरावे, हे बाहेरून येणाऱ्या रासायनिक संकेतांवर ठरते. पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनाने स्वीकारलेला संकेत केंद्रकातील जीनांपर्यंत नेणाऱ्या प्रथिनांच्या साखळीस ‘संकेतमार्ग’ म्हणतात.

यौवनलोपी ग्रंथीत आलेल्या कोशिकेस नॉच या ग्राहीचा संकेत टी कोशिकेच्या वाटेवर नेतो. तिची वाढ इंटरल्यूकिन–७ वर अवलंबून असते. हे प्रथिन ग्राहीस चिकटताच आतील बाजूची जेएके–१ व जेएके–३ ही एंझाइमे क्रियाशील होतात. त्यांच्यामुळे स्टॅट–५ या प्रथिनास फॉस्फेट गट जोडला जातो आणि ते केंद्रकात शिरून जीने कार्यान्वित करते. पुढे टी ग्राहीच्या संकेताची तीव्रता निर्णायक ठरते. सौम्य संकेत मिळालेल्या कोशिका जगतात. संकेत न मिळालेल्या वा अतितीव्र मिळालेल्या मरतात. बहुसंख्य कोशिका येथेच नष्ट होतात. हा अपव्यय वाटला, तरी स्वतःच्या ऊतकांवर उलटू शकणाऱ्या बऱ्याच कोशिका याच वेळी वगळल्या जातात. [⟶ प्रतिरक्षा].

जेएके–३ हा एक दुवा निखळला, तर टी व नैसर्गिक मारक कोशिका जवळजवळ तयारच होत नाहीत. बी कोशिका असतात. पण टी कोशिकांच्या साहाय्यावाचून त्या निष्प्रभ राहतात. हा तीव्र संयुक्त प्रतिरक्षान्यूनतेचा एक प्रकार असून उपचारांअभावी मूल बहुधा दोन वर्षांच्या आत दगावते. ग्राहीच्या गॅमा शृंखलेतील दोषानेही (१९९३ मध्ये ज्ञात) हेच घडते. मात्र तिचे जीन एक्स गुणसूत्रावर असल्याने तो रोग मुलग्यांत आढळतो. जेएके–३ चा दोष (१९९५) अप्रभावी असतो, म्हणजे सदोष जीन आईवडील या दोघांकडून यावे लागते.

म्हणूनच नात्यातील विवाहांचा येथे संबंध येतो. सातारा, सांगली व एकूणच दक्षिण महाराष्ट्रात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची रूढी आहे. आतेमामे भावंडांत सरासरी एक-अष्टमांश जीने समान असतात. रूढीमुळे दोष उत्पन्न होत नाही. दडलेल्या दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता तेवढी वाढते. अशा बहुतेक दांपत्यांची अपत्ये निरोगीच असतात.

भारतात क्षयप्रतिबंधक बीसीजी लस जन्मतःच देतात. तिच्यातील जंतू जिवंत पण क्षीण केलेले असतात. टी कोशिका नसलेल्या अर्भकात ते शरीरभर पसरून प्राणघातक ठरू शकतात. यास्तव घरातील आधीचे मूल तान्हेपणी वारंवार जंतुसंसर्गाने दगावले असल्यास ही लस देण्यापूर्वी नवजाताच्या रक्तातील लसीका कोशिकांची मोजणी करणे इष्ट असते. या रोगांचे निदान मुंबईच्या राष्ट्रीय प्रतिरक्षारक्तविज्ञान संस्थेत होते. अस्थिमज्जारोपण १९६८ पासून ज्ञात असून संसर्ग होण्यापूर्वी, आयुष्याच्या पहिल्या साडेतीन महिन्यांत केल्यास ते सर्वाधिक यशस्वी होते.