दोष केसांचा नाही

घरात मांजर आले आणि शिंका सुरू झाल्या की आपण केसांना दोष देतो. खरे कारण आहे मांजराच्या लाळेत आणि त्वचेतील तैलग्रंथींत तयार होणारे ‘फेल डी 1’ हे प्रथिन. मांजर अंग चाटते, लाळ वाळते आणि तिचे सूक्ष्म कण कोंड्याबरोबर तासन्‌तास हवेत तरंगतात. कपड्यांवरून हे कण मांजर नसलेल्या घरांत, शाळांतही पोचतात. म्हणूनच ‘अ‍ॅलर्जी न होणारी जात’ म्हणून महागडे पिल्लू विकणे मला फसवणूक वाटते. केस कमी असले तरी लाळ असतेच. लहानपणापासून प्राण्यांत वाढलेल्यांनीही निर्धास्त राहू नये. ही अ‍ॅलर्जी प्रौढपणीही उद्भवते.

मग प्राणी देऊनच टाकावा का? घाई नको. शिंकांमागे धुळीतले माइट किंवा परागकणही असू शकतात, तेव्हा आधी त्वचेची किंवा रक्ताची चाचणी करावी. मांजर गेल्यावरही गाद्यागालिच्यांतले प्रथिन ओसरायला 4 ते 6 महिने लागू शकतात, त्यामुळे आठवडाभर मांजर दूर ठेवून काहीच सिद्ध होत नाही. ‘औषधे घेऊ, पण त्याला सोडणार नाही’ ही माया मला कळते. पण या अ‍ॅलर्जीने बळावणारा दमा जिवावर बेतू शकतो. औषधे घेऊनही धाप लागत असेल, तर मांजरासाठी दुसरे प्रेमळ घर शोधावे.