नंबर लागेपर्यंतची सोबत

आपल्या समाजात गेल्या दोन पिढ्यांत शिक्षण वाढले, नोकऱ्या आल्या, आजारपणात वैदूऐवजी डॉक्टरांकडे जाण्याची सवय लागली. परंतु मनाच्या आजाराचा विषय निघाला की आजही आवाज खाली येतो. पाय मोडला तर अर्धी वस्ती भेटायला येते. झोप उडाली, जेवण तुटले, नको ते विचार येऊ लागले, तर मात्र घरचे लोक दार लोटून घेतात. आजार अंगावर काढला जातो. उपचार घ्यायचे ठरले तरी ते लगेच मिळतातच असे नाही. या मधल्या काळात माणसाला कोणाची सोबत मिळू शकते, याची माहिती सभासद व विद्यार्थी बंधू-भगिनींना व्हावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रतीक्षा का करावी लागते?

बंगळूरच्या निमहान्स या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. शंभर प्रौढांपैकी सुमारे दहा जणांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे त्यात आढळले. निरनिराळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेच नव्हते. देशात एक लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नाही, आणि जे आहेत ते बहुतेक शहरांत आहेत.

कायदा आपल्या बाजूने आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू झाला. त्याने सरकारी खर्चाने चालणाऱ्या सेवेतून मानसिक उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क ठरवला. परंतु हक्क कागदावर आला म्हणून रांग एका दिवसात संपत नाही.

प्रतीक्षेचे तीन टप्पे

नीट पाहिले तर ही प्रतीक्षा एक नसून तीन आहेत.

पहिली, बोलण्यापूर्वीची. आपल्याला काहीतरी होते आहे हे माणसाला कळते, पण सांगावे कोणाला ते कळत नाही. यात कधी महिने जातात, कधी वर्षे.

दुसरी, नंबर लागण्याची. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची ओपीडी अनेक ठिकाणी ठरावीक वारीच असते. त्या दिवशी मजुरी बुडवून जावे, केसपेपर काढावा, आणि गर्दीमुळे डॉक्टरांशी जेमतेम पाच मिनिटे बोलणे व्हावे, असे घडते.

तिसरी प्रतीक्षा कोणी आधी सांगत नाही. ती गोळी लागू पडेपर्यंतची. नैराश्यावरील बहुतेक गोळ्यांचा गुण दिसायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात. मळमळ, तोंडाला कोरड, सुस्ती असा त्रास मात्र पहिल्या दिवसापासून जाणवू शकतो. "औषधाने बरे वाटायचे सोडून जास्तच झाले," असे म्हणून पुष्कळ जण आठवड्याभरात गोळ्या बंद करतात. येथे उपचार चुकलेला नसतो, तो पुरा होण्याआधीच सुटलेला असतो.

आम्ही बँकेत काउंटरवर काम करणारी माणसे, त्यामुळे रांगेशी आमचा रोजचा संबंध. रांगेतला माणूस निघून जातो तो केवळ उशीर झाला म्हणून नव्हे. आपण योग्य खिडकीसमोर उभे आहोत की नाही हे त्याला कळत नाही, आणि विचारावे तर लाज वाटते. अशा वेळी शेजारचा ग्राहक म्हणतो, "काका, हीच खिडकी. एक झेरॉक्स जोडावी लागते. मी मागच्या महिन्यात हेच काम करून गेलो." मग तो माणूस थांबतो. त्या ग्राहकाने काउंटरवरचे काम केलेले नसते, फक्त वाट माहीत असल्याचा धीर दिलेला असतो.

मानसिक आजारात असा धीर देणाऱ्यास आपण समानुभवी सोबती म्हणू. ज्याने स्वतः हा आजार भोगला, उपचार घेतले व जो आज सावरला आहे, असा माणूस. डॉक्टर म्हणतात, "चार आठवडे थांबा." समानुभवी म्हणतो, "माझेही पहिले दहा दिवस असेच गेले. गोळी बंद करू नकोस, त्रास डॉक्टरांना सांग. पुढच्या ओपीडीला मी बरोबर येतो." दोन्ही वाक्यांची गरज असते.

हे कोठे घडले आहे?

ही कल्पना नवी नाही. १९३५ साली अमेरिकेत दोन मद्यपी माणसांनी एकमेकांच्या आधाराने दारू सोडली व त्यातून अल्कोहोलिक्स अनॉनिमस ही चळवळ उभी राहिली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांच्या प्रयत्नांतून १९८६ साली मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसनातून बाहेर पडलेली अनेक माणसे पुढे तेथेच कार्यकर्ते झाली. पुण्यातच डॉ. जगन्नाथ वाणी यांनी स्थापन केलेल्या स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्णांचे व नातेवाइकांचे स्वमदत गट चालवले.

नाशिक जिल्ह्यातील पेठ तालुक्यात 'आत्मीयता' नावाचा प्रयोग झाला व पुढे तो गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यात मोठ्या प्रमाणावर राबवला गेला. त्यात गावातल्याच स्वयंसेवकांना प्रशिक्षण दिले गेले. दुःखात असलेल्या माणसाला ओळखायचे, त्याच्याशी बोलायचे, आणि गरज असेल तर त्याला डॉक्टरांपर्यंत न्यायचे, हे त्यांचे काम. हे सर्वच स्वयंसेवक स्वतः आजारातून गेलेले नव्हते. परंतु ते त्याच गावचे, त्याच बोलीचे होते, आणि म्हणून लोक त्यांच्याशी बोलले.

याचा उपयोग मोजला गेला आहे काय? इंग्लंडमधील एक अभ्यास २०१८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. तीव्र मानसिक संकटातून नुकत्याच बाहेर पडलेल्या ४४१ जणांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना स्वतःची काळजी घेण्याची पुस्तिका मिळाली, पण एका गटाला त्याबरोबर समानुभवी सोबतीही मिळाला. वर्षभरात पुस्तिकेच्या गटातील ३८ टक्के लोकांना पुन्हा तातडीच्या उपचारांसाठी दाखल व्हावे लागले. सोबती मिळालेल्या गटात हे प्रमाण २९ टक्के होते. सगळ्याच अभ्यासांत इतका स्पष्ट फरक दिसलेला नाही, हेही लक्षात ठेवले पाहिजे. ही सोबत उपचारांना जोड आहे, त्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

सोबत्याने काय करावे, काय करू नये?

ऐकून घ्यावे. उपदेशाची घाई करू नये. "मन घट्ट कर," "सगळे तुझ्या मनाचे खेळ आहेत," ही वाक्ये टाळावीत.

नंबर लागेपर्यंत एक साधी वही ठेवायला सांगावे. त्रास केव्हापासून आहे, झोप किती लागते, जेवण कसे आहे, मधुमेह किंवा थायरॉइडची औषधे चालू आहेत काय, हे त्यात लिहावे. डॉक्टरांपुढच्या पाच मिनिटांत ही वही फार कामाला येते.

ओपीडीचा वार, जुने कागद, एसटीची वेळ यांची आठवण करून द्यावी. शक्य असल्यास बरोबर जावे.

आपली गोळी दुसऱ्याला देऊ नये. चालू औषध बंद करण्याचा सल्ला देऊ नये. ऐकलेले बाहेर सांगू नये. पैशाची देवघेव या नात्यात आणू नये. आणि एकट्याने हे ओझे उचलू नये. दोघे मिळून सोबत केली तर सोबतीही टिकतो.

जेथे थांबायचे नाही

काही प्रसंगी प्रतीक्षा मुळीच चालत नाही. मरणाचे विचार बोलून दाखवणे, अन्नपाणी सोडणे, स्वतःला वा दुसऱ्याला इजा करण्याचा हुकूम देणारे आवाज ऐकू येणे, बाळंतिणीच्या वागण्यात एकाएकी बदल, दारू बंद केल्यावर हातपाय थरथरून भ्रम होणे, यांपैकी काही दिसल्यास त्याच दिवशी जवळच्या रुग्णालयाचा तातडीचा विभाग गाठावा. "जीव द्यावासा वाटतो का?" असे सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार डोक्यात भरत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे सोडू नये आणि घरातील औषधे व कीटकनाशके दुसऱ्याच्या ताब्यात द्यावीत. पोलिसांच्या भीतीने घटना लपवू नये, कारण २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असेच मानायचे ठरवले आहे.

केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी टेलि-मानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येते, मराठीतही.

आपण काय करू शकतो?

आपल्या संस्थेजवळ सभागृह आहे, अभ्यासिका आहे. आठवड्यातून एक संध्याकाळ, दोन खुर्च्या व दोन विश्वासाची माणसे, एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. या माणसांनी आधी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून प्रशिक्षण घ्यावे व अडचणीत कोणाला विचारायचे ते ठरवून ठेवावे. विद्यार्थ्यांनी जिल्हा रुग्णालयातील ओपीडीचे वार व वेळा विचारून फलकावर लिहाव्यात. स्पर्धा परीक्षेच्या निकालानंतर अभ्यासिकेत येणे सोडलेल्या मित्राच्या घरी एकदा जाऊन यावे.

आणि जे स्वतः या आजारातून उठले आहेत, त्यांना आमची विशेष विनंती आहे. नाव जाहीर करण्याची गरज नाही. फक्त एका माणसाला, त्याच्या नंबराच्या दिवशी, "मीही येथे आलो होतो" एवढे सांगावे. डॉक्टर वाढायला वर्षे लागतील. रांगेतल्या माणसाला सोबत मात्र या आठवड्यापासून देता येईल.