दात उपटण्यापासून दात राखण्यापर्यंत

किडलेल्या दातावर उपटणे हाच उपाय शतकानुशतके चालत आला. तो दात भरून, आतून साफ करून किंवा गेलेल्या दाताच्या जागी दुसरा बसवून माणसाचे चावणे-बोलणे चालू ठेवण्याची विद्या मात्र मुख्यतः गेल्या तीनशे वर्षांत घडली. या काळात भरायचे साहित्य जसजसे बदलले तसतसा दाताचा किती भाग कापायचा आणि किती राखायचा याचा हिशेबही बदलत गेला. दंतोपचारांचा खरा इतिहास या हिशेबाचा आहे.

त्याआधी प्रयत्न झालेच नव्हते असे नाही. बलुचिस्तानातील मेहरगढच्या नवाश्मयुगीन दफनभूमीत नऊ व्यक्तींच्या अकरा दाढांना गारगोटीच्या टोकाने पाडलेली भोके सापडली. हे दात सुमारे ७,५०० ते ९,००० वर्षांपूर्वीचे आहेत. भोकांच्या कडा झिजलेल्या आहेत, म्हणजे ती जिवंतपणी पाडली होती आणि त्यानंतरही ही माणसे त्या दाढांनी चावत होती. सुश्रुताने ‘कृमिदंत’ या रोगाचे वर्णन केले, आणि वाग्भटाच्या अष्टांगहृदयात पोकळ दातात गूळ किंवा मेण भरून डाग देण्याचा विधी सांगितला आहे. पोकळी भरून काढावी ही कल्पना भारतीय वैद्यकाला परकी नव्हती. मात्र कीड म्हणजे दातात शिरलेला खराखुरा किडा, ही समजूत भारतापासून युरोपापर्यंत सगळीकडे पक्की होती.

ती समजूत नाकारणाऱ्यांत पॅरिसचे पिएर फोशार यांचे नाव ठळक आहे. १७२८ मध्ये त्यांचा दंतशल्यचिकित्सेवरचा दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकातून पाहूनही आपल्याला किडा दिसला नाही, असे त्यांनी नोंदवले आणि दात खराब होण्यामागे गोड खाण्याचा हात असल्याचे सांगितले. कीड खरवडून काढावी, पोकळीत कथील, शिसे किंवा सोन्याचा वर्ख ठासावा, पू साठला असेल तर दाताला भोक पाडून तो वाहू द्यावा, असा त्यांचा क्रम होता. त्या काळी दात काढणारे जत्रेत मंच टाकून बसत आणि आपली युक्ती दुसऱ्याला कळू देत नसत. फोशार यांनी आपले सगळे कसब छापून टाकले. दंतवैद्यक ही शिकता आणि शिकवता येणारी विद्या झाली ती त्यामुळे.

सोन्याचा वर्ख टिकाऊ होता, पण तो ठोकून बसवायला तासन्‌तास लागत आणि खर्च सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता. स्वस्त पर्याय पाऱ्यातून आला. चीनमध्ये ६५९ सालच्या औषधग्रंथात चांदी, कथील आणि पारा यांच्या लगद्याची नोंद आहे. पॅरिसमध्ये ओग्युस्त तावो यांनी १८२६ च्या सुमारास चांदीच्या नाण्यांचा कीस पाऱ्यात कालवून दात भरले. मराठी घरांत आजही ‘दाढेत चांदी भरली’ असे म्हणतात ते याच मिश्रणाबद्दल. त्यात जवळजवळ निम्मा पारा असतो.

१८३३ मध्ये क्रॉकूर बंधूंनी हे मिश्रण मोठ्या जाहिरातबाजीने न्यूयॉर्कला नेले. ते कीड न काढताच लगदा कोंबत. भरलेले निखळे, कधी फुगून दात फोडी. सोन्याने दात भरणारे दंतवैद्य चिडले. त्यांच्या संघटनेने, अमेरिकन सोसायटी ऑफ डेंटल सर्जन्सने, सभासदांकडून पारामिश्रण न वापरण्याची लेखी शपथ घेतली. या वादात पाऱ्याच्या विषारीपणाची काळजी होती आणि धंद्याची भीतीही होती. दोन्ही इतक्या एकमेकांत मिसळल्या की शास्त्रीय प्रश्न बाजूलाच राहिला. १८५६ मध्ये ती संस्था संपुष्टात आली, मिश्रण मात्र टिकले.

त्याला भरवशाचे रूप दिले शिकागोच्या ग्रीन वार्डिमन ब्लॅक यांनी. १८९५ च्या सुमारास त्यांनी चांदी आणि कथील यांचे प्रमाण असे बसवले की मिश्रण फारसे फुगेना आणि आकसेनाही. ब्लॅक यांचा दुसरा वारसा अधिक खोल गेला. चांदी दाताला चिकटत नाही, ती खाचेत अडकून राहते. त्यासाठी पोकळी तळाशी रुंद, सपाट बुडाची आणि ठरलेल्या आकाराची कापावी लागते. शिवाय शेजारच्या निरोगी खाचाही कापून भरून टाकाव्यात, म्हणजे तिथे पुढे कीड लागणार नाही, असा त्यांचा नियम होता. फ्लोराइड नसलेल्या आणि घासण्याची सवय नसलेल्या काळात त्याला अर्थ होता. पण काळ बदलल्यावरही तो पाऊणशे वर्षे शिकवला गेला, आणि त्यापायी कितीतरी धडधाकट दंतवल्क, म्हणजे दाताचे कठीण बाह्य आवरण, कापले गेले.

कापण्याची साधनेही याच सुमारास वेगवान झाली. १८७१ मध्ये जेम्स मॉरिसन यांचे पायाने चालवायचे यंत्र आले, आणि १८७५ मध्ये जॉर्ज ग्रीन यांच्या विजेच्या यंत्राची नोंद झाली. १९५७ च्या हवेच्या टर्बाइनने वेग मिनिटाला अडीच-तीन लाख फेऱ्यांवर नेला. एवढ्या वेगात दात तापून आतली मज्जा मरते, म्हणून पाण्याचा फवारा अपरिहार्य ठरला. या सगळ्याला रुग्ण तयार झाला तो भुलीमुळे. हॉरेस वेल्स यांनी १८४४ मध्ये नायट्रस ऑक्साइड आणि विल्यम मॉर्टन यांनी १८४६ मध्ये ईथर वापरले. दोघेही दंतवैद्यच होते. हिरडीत टोचायच्या औषधांत कोकेननंतर प्रोकेन आले, आणि १९४३ मध्ये स्वीडनमध्ये तयार झालेले लिग्नोकेन आजही रोजच्या वापरात आहे.

कापण्याचा नियम मोडला तो चिकटण्याच्या शोधाने. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी दंतवल्कावर फॉस्फोरिक आम्ल अर्धा मिनिट ठेवून पाहिले. रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत धातूच्या पत्र्याला हेच आम्ल लावत, तिथून त्यांना ही कल्पना सुचली. आम्लाने पृष्ठभागावर अतिसूक्ष्म छिद्रे पडतात, पातळ राळ त्यांत शिरते आणि घट्ट होऊन धरून बसते. १९६२ मध्ये रफेल बोवेन यांनी टिकाऊ राळेचे पेटंट घेतले, आणि सत्तरच्या दशकात आधी अतिनील व मग निळ्या प्रकाशाने ती काही सेकंदांत कडक करता येऊ लागली. आता कीड जेवढी तेवढेच कापायचे, अशी सोय झाली. दातासारखा रंग हा या साहित्याचा लोकांना भावलेला गुण. दंतवैद्यकाच्या दृष्टीने मोलाचा आहे तो वाचलेला दात.

लंडनच्या विल्सन आणि केंट यांनी १९७२ मध्ये मांडलेले ग्लास आयोनोमर सिमेंट आणखी सोपे निघाले. ते दाताला आपणहून चिकटते आणि फ्लोराइड सोडत राहते. ऐंशीच्या दशकात टांझानियात वीज आणि यंत्र नसलेल्या ठिकाणी हाताच्या अवजारांनी मऊ कीड खरवडून हे सिमेंट भरण्याची पद्धत सुरू झाली. ग्रामीण शाळांमधल्या शिबिरांसाठी याहून योग्य उपचार अजून निघालेला नाही. पाराही आता पर्यावरणाच्या कारणाने मागे हटत आहे. २०१३ च्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय कराराने त्याचा वापर कमी करण्याचे बंधन घातले, आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून मोजके वैद्यकीय अपवाद सोडून चांदी भरणे बंद केले.

कीड मज्जेपर्यंत पोचली की भरणे पुरत नाही. तिथे रूट कॅनाल लागते, आणि या उपचाराइतका चढउतार दुसऱ्या कोणत्याच दंतोपचाराने पाहिला नाही. एकोणिसाव्या शतकात मज्जा मारायला सोमल वापरत. एडवर्ड मेनार्ड यांनी १८३८ मध्ये घड्याळाच्या स्प्रिंगपासून मुळातली नळी साफ करायची पहिली तार घडवली. १८६७ मध्ये बोमन यांनी ती नळी गटापर्चाने, म्हणजे मलायातल्या एका झाडाच्या चिकाने, भरली. तो पदार्थ आजतागायत बदललेला नाही. पुढे १८९० मध्ये विलोबी मिलर यांनी तोंडातले जंतू साखरेपासून आम्ल करतात आणि ते आम्ल दात विरघळवते, हे सिद्ध केले. किडा गेला, जंतू आले.

पण जंतूंच्या याच ज्ञानातून एक मोठी चूक जन्माला आली. १९१० मध्ये इंग्लिश वैद्य विल्यम हंटर यांनी माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात भाषण केले. सोन्याच्या टोपणांखाली सडणारे दात हे सांधेदुखीपासून रक्तक्षयापर्यंत अनेक आजारांचे मूळ आहेत, असा त्यांचा दावा होता. त्यांनी नावे ठेवलेले काम बरेचसे खरोखरच घाणेरडे होते. मात्र निष्कर्ष सगळ्याच मज्जारहित दातांना लावला गेला, आणि पुढची दोन-तीन दशके अमेरिका आणि ब्रिटनमध्ये निरोगी माणसांचेही दात संशयावरून उपटले गेले. न्यू ऑर्लिन्सचे एडमंड केल्स यांनी त्याला उघड विरोध केला. दातांचा क्ष-किरण तपास रुजवणाऱ्यांत ते अग्रणी होते. आपल्या तंत्राचा आधार घेऊन दात उपटले जात आहेत, याची त्यांना चीड होती. त्याच किरणांनी त्यांची बोटे आणि पुढे हात गेला.

तीसच्या दशकात लाट ओसरू लागली. काढलेल्या दातात सापडणारे जंतू बरेचदा उपटताना हिरडीतून आत ढकलले जातात, हे दिसून आले. १९३८ मध्ये सांधेदुखीच्या दोनशे रुग्णांच्या पाहणीत दात काढल्याने फायदा झाल्याचे आढळले नाही. निर्णायक प्रयोग १९६५ चा. काकेहाशी, स्टॅनली आणि फिट्झजेराल्ड यांनी उंदरांच्या दाढांची मज्जा उघडी पाडली. साध्या उंदरांची मज्जा सडली. पूर्ण जंतुमुक्त वातावरणात वाढवलेल्यांची मज्जा मात्र दाढेत अन्न कोंबले जात असतानाही जगली आणि तिच्यावर नवे दंतिन, म्हणजे दंतवल्काखालचा कठीण थर, चढले. शत्रू मृत मज्जा नसून जंतू आहेत, हे त्यातून ठरले. तेव्हापासून नळी जंतुनाशकाने धुणे, लाळ दूर ठेवायला दातावर रबराचा पडदा ताणणे आणि वरून घट्ट बंद करणे यांवर भर आला. नळीची लांबी विजेच्या साह्याने मोजण्याचे उपकरण जपानमधून आले, आणि १९८८ नंतर निकेल-टायटॅनियमच्या लवचिक तारांनी वाकड्या मुळांचे काम सोपे केले. मज्जा गेलेली आणि आतून पोखरलेली दाढ चावताना चिरते, म्हणून तिच्यावर सहसा टोपण बसवतात. १९०७ मध्ये टॅगर्ट यांनी मेणाच्या साच्यातून ओतकाम आणले, साठच्या दशकात धातूवर चिनीमाती भाजणे जमले, आणि आता झिर्कोनियाची टोपणे संगणकाच्या आराखड्यावरून कोरली जातात.

गेलेल्या दातांच्या बाबतीत जुना काळ क्रूर होता. अठराव्या शतकात पाणघोड्याच्या दातातून कवळी कोरत आणि तिच्यात माणसांचे दात जडवत. १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईनंतर मृत सैनिकांच्या तोंडातले दात बाजारात आले. चिनीमातीच्या सुट्या दातांनी आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर कडक रबराच्या तळव्याने कवळी स्वस्त झाली. भूल आणि स्वस्त कवळी एकत्र आल्यावर सगळे दात एकदम काढून टाकण्याची चालही पडली. १९३७ च्या सुमारास आलेले गुलाबी अ‍ॅक्रिलिक अजून कवळीत आहे.

या उपचारांचे शास्त्रशुद्ध शिक्षण भारतात १९२० मध्ये डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी कोलकात्यात सुरू केले. १९३३ मध्ये मुंबईत नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय निघाले, आणि १९४८ च्या कायद्याने व्यवसायाला नोंदणीची शिस्त लागली.

हाडात रोवलेला दात, म्हणजे इम्प्लांट, हा या मागोव्यातला सर्वांत अलीकडचा टप्पा. होंडुरासमध्ये सापडलेल्या माया संस्कृतीच्या एका जबड्यात शिंपल्याचे तीन तुकडे दातांच्या जागी बसवलेले होते आणि त्यांभोवती हाड वाढले होते. आधुनिक काळात मात्र पट्ट्या, जाळ्या, स्क्रू असे अनेक प्रयोग फसले, कारण धातूभोवती हाडाऐवजी मऊ ऊती वाढत. स्वीडनमधले पेर-इंगवार ब्रोनेमार्क १९५२ मध्ये सशाच्या हाडातला रक्तप्रवाह पाहत होते. त्यासाठी बसवलेली टायटॅनियमची नळी परत काढता येईना; हाड तिला जुळून गेले होते. १९६५ मध्ये गोथेनबर्गच्या यॉस्ता लार्सन यांच्या जबड्यात त्यांनी टायटॅनियमचे स्क्रू बसवले. ते महिनोन्‌महिने हिरडीखाली झाकून ठेवले, हाड जुळल्यावरच वर दात चढवले. समव्यावसायिकांचा अविश्वास १९८२ च्या टोरोंटो परिषदेपर्यंत टिकला. लार्सन २००६ मध्ये वारले, तोवर ते स्क्रू काम देत होते.

या यशाने एक नवा मोह निर्माण केला आहे. रूट कॅनालने वाचू शकणारी दाढ काढून तिथे इम्प्लांट बसवण्याचा सल्ला अनेक ठिकाणी सहज दिला जातो. नैसर्गिक मुळाभोवती तंतूंचा थर असतो. तो चावण्याचा दाब ओळखतो, धक्का झेलतो आणि जंतूंना अडवतो. टायटॅनियमभोवती तो नसतो, म्हणून इम्प्लांटभोवतीची हिरडी सुजली की हाड लवकर झिजते आणि ते थोपवण्याचा भरवशाचा उपाय अजून हाती नाही. मूळ हाडात पक्के आहे आणि वर टोपण धरण्याइतका दात शिल्लक आहे, तर तो राखणे हाच आजही सरस उपचार आहे.