खेड्यातल्या चर्चचा इतिहास: एवढ्याशा विषयात संशोधन कसलं?

रत्नागिरीत बसून कुणी "मला एका खेड्यातल्या कॅथलिक धर्मग्रामाचा इतिहास लिहायचाय" म्हटलं, की समोरून हमखास प्रश्न येतो: "त्यात पीएचडीपुरतं काय मिळणार?" मी विज्ञान शाखेची, म्हणून तुम्हाला डेटाच्या अंगाने सांगते.

उदाहरण आपल्याच किनाऱ्यावरचं घेऊ. रत्नागिरीच्या उत्तरेला, रायगड जिल्ह्यात मुरुड तालुक्यात कोर्लई आहे. खाडीपलीकडे रेवदंडा, म्हणजे पोर्तुगीजांचं चौल. 1739 मध्ये वसई पडली, 1740 मध्ये चौलही मराठ्यांकडे आलं. पोर्तुगीज गेले, कोर्लईची कॅथलिक वस्ती मात्र तिथेच राहिली. आजही हजाराच्या आतबाहेर माणसं घरात 'नो लिंग' (आपली भाषा) बोलतात. शब्द बरेचसे पोर्तुगीज, वाक्याची ठेवण मराठीच्या जवळची. भाषाशास्त्रज्ञ क्लॅन्सी क्लेमेंट्स यांचं 1996 मधलं पुस्तक याच भाषेवर आहे.

आता प्रश्न बघा. चहूबाजूंनी मराठी असताना ही भाषा टिकली कशी? एक गृहीतक असं: लग्नं आपसातच होत राहिली, म्हणून. हे पटतं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. तपासायचं कसं?

इथे चर्चच्या वह्या कामाला येतात. 1563 मध्ये ट्रेंटच्या धर्मपरिषदेने लग्नांची नोंद ठेवणं धर्मगुरूंना बंधनकारक केलं. जुनी विवाहनोंदवही मिळाली, तर वधू-वरांची गावं दशकवार मोजा. बाहेरच्या सुना बऱ्याच निघाल्या, तर गृहीतक बदलावं लागेल. फ्रान्समध्ये लुई आँरी यांनी 1950 च्या दशकात बाप्तिस्मा, लग्न आणि दफन या नोंदी जोडून घराणीच्या घराणी उभी केली. पुढे रिगली आणि स्कोफिल्ड यांनी 404 धर्मग्रामांच्या वह्यांवरून इंग्लंडची 1541 पासूनची लोकसंख्या मांडली. एकेक वही छोटीच होती!

पण सावध राहा. वही संस्कारांची आहे, जनगणनेची नाही. मुंबईला जाऊन तिथेच लग्न केलेला मुलगा गावच्या विवाहनोंदीत दिसणार नाही. बाप्तिस्म्याआधीच गेलेलं बाळ बाप्तिस्म्याच्या वहीत नसेल. नोंद नाही म्हणजे माणूस नव्हता, असं लिहू नका.

दुसरं, कागद शोधण्याआधी हद्दी शोधा. रत्नागिरी जिल्हा आज सिंधुदुर्ग धर्मप्रांतात आहे. हा धर्मप्रांत 2005 मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा झाला. म्हणजे त्याआधीचा पत्रव्यवहार पुण्यातही विचारायला हवा. "त्या साली हे गाव कुठल्या बिशपांकडे होतं?" हा प्रश्न वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

आणि फादरांची परवानगी घेतल्याशिवाय फोटो काढू नका. त्या ओळींत आज हयात असलेल्यांच्या घरच्या खाजगी गोष्टी असतात. कितीतरी साध्या माणसांचं नाव कागदावर आलं ते तेवढ्या एका ओळीपुरतंच. ती ओळ वापरताना हे लक्षात असू द्या.