भोकरवाडीत एक प्रेत कमी आहे

चिपिंग क्लेगहॉर्न नावाच्या इंग्लिश खेड्यात शुक्रवारी सकाळी गावचं वर्तमानपत्र घरोघर येऊन पडतं. छोट्या जाहिरातींच्या गर्दीत एक निवेदन असतं: आज संध्याकाळी साडेसहाला 'लिटल पॅडॉक्स' या घरी खून होणार आहे, स्नेहीमंडळींनी अगत्य यावं. आणि मंडळी येतात! सहजच डोकावल्याचं सोंग करून, पण वेळ अचूक साधून. अ‍ॅगाथा ख्रिस्तीची 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' ही १९५० सालची कादंबरी अशी सुरू होते.

आपण निव्वळ चौकसपणानं आलो, हे कुणालाच कबूल करायचं नसतं. मग बोलायचं काय? एकामागून एक पाहुणा दिवाणखान्यात शिरतो आणि तेच म्हणतो, "अरे वा, हीटिंग सुरू केलंत वाटतं!" महायुद्ध संपून फार दिवस झालेले नाहीत, इंधनाची ओढाताण आहे, त्यामुळे ऑक्टोबरातच घर तापवणं ही चैन. आपल्याकडे कुणाच्या ओटीवर टेकल्यावर "यंदा पाऊस फारच लांबला नाही?" म्हणतात, त्याच जातीचं हे वाक्य. तिसऱ्या पाहुण्याच्या तोंडी ते आलं की आपल्याला हसू फुटतं. आणि हसता हसता हातातला धागा निसटतो. हीटिंग सुरू, म्हणजे शेकोटी पेटलेली नाही. शेकोटी नाही, म्हणजे दिवे गेल्यावर खोलीत मिट्ट काळोख. कुणाला तरी तोच हवा होता. (कादंबरी न वाचलेल्यांनी रागावू नये, खुनी कोण ते मी सांगितलेलं नाही.)

छोट्या गावातल्या रहस्यकादंबरीबद्दल लिहिताना 'रहस्याला विनोदाची फोडणी' असं आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. मला ते पटत नाही. इथे विनोद चवीपुरता नसतो, पुरावा दडवायची ती जागा असते. वाचक जिथं हसतो, तिथं त्याचा संशय थांबतो. कसबी लेखकाला हे ठाऊक असतं, म्हणून महत्त्वाची साक्ष तो गावातल्या सर्वांत बडबड्या, सर्वांत विसरभोळ्या माणसाच्या तोंडी घालतो.

ख्रिस्तीला हे १९२६ सालीच साधलं होतं. 'द मर्डर ऑफ रॉजर अ‍ॅक्रॉइड'मधली डॉक्टरची बहीण कॅरोलाइन घराबाहेर न पडता गावातली बित्तंबातमी राखून असते. दूधवाला, मोलकरणी, शेजारणी हे तिचं हेरखातं. त्या कादंबरीत एक आख्खं प्रकरण माहजोंगच्या खेळाचं आहे. चौघं सोंगट्या मांडतात, डाव चुकतात, एकमेकांवर करवादतात आणि मधूनमधून खुनाबद्दल कंड्या पिकवतात. खेळाच्या भरात एकाच्या तोंडून नको ती गोष्ट निसटते. तपास असा पत्त्यांच्या अड्ड्यासारखा चाललेला मी दुसरीकडे वाचलेला नाही. पुढे १९२८ साली या कादंबरीचं नाटक झालं, तेव्हा कॅरोलाइनला काढून तिथे एक तरुण मुलगी बसवली गेली. ख्रिस्तीला ते लागलं. मिस मार्पलचा उगम आपल्या या कॅरोलाइनमध्ये असावा, असं तिनंच नंतर लिहिलं.

मिस मार्पल ही सेंट मेरी मीड गावची म्हातारी. ती १९२७ साली एका गोष्टीतून आली आणि १९३०च्या 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकरेज'पासून कादंबऱ्यांत स्थिरावली. अशा बारा कादंबऱ्या. तिची पद्धत आपल्या गावाकडच्या आज्यांना मुळीच नवी वाटणार नाही. समोर खानदानी जमीनदार उभा असला, तरी तिला मासेवाल्याचा किंवा घरकामाच्या पोरीचा कुठला तरी जुना लबाडपणा आठवतो. "हा अगदी आपल्या अमक्यासारखा गं!" एवढ्यावर तिचा तपास चालतो. पोलीस अधिकारी आधी सुस्कारा सोडतो, मग वही काढतो. शहरातल्या हेराला माणूस कोण, हे आधी शोधावं लागतं. गावात ते आधीच माहीत असतं, त्याच्या आजोबांसकट. अडतं ते बेरजेपाशी.

ही वाट पुढे बरीच मळली. कॅरोलाइन ग्रॅहमच्या १९८७च्या कादंबरीतून 'मिडसमर मर्डर्स' ही मालिका निघाली आणि त्या सुंदर परगण्यात इतके मुडदे पडले, की लोक अजून तिथे घर घेतात कसे, हेच मोठं रहस्य ठरावं. अलेक्झांडर मॅकॉल स्मिथची प्रेशस रामोत्स्वे बापाची गुरं विकून गॅबरोनीत हेरगिरीची संस्था काढते. तिथे खुनापेक्षा चहा जास्त. रिचर्ड ऑस्मनचं २०२०चं वृद्धनिवासातलं टोळकं मजेदार आहे, पण आपण मजेदार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक आहे.

माझं मन मात्र सिसिलीतल्या विगातात रमतं. आंद्रेआ कामिल्लेरीनं कमिशनर मोन्ताल्बानोची पहिली कादंबरी १९९४ साली काढली, तेव्हा तो सत्तरीच्या उंबरठ्यावर होता. विगाता काल्पनिक, पण बेतलेलं त्याच्या जन्मगावावर, पोर्तो एम्पेदोक्लेवर. मोन्ताल्बानो खवय्या. समोर मासळी असताना कुणी बोललेलं त्याला खपत नाही, मग ते खुनाबद्दल का असेना. आणि त्याच्या ठाण्यात फोनवर बसतो कातारेल्ला. हा पठ्ठ्या प्रत्येक नावाची मोडतोड करून निरोप देतो आणि साहेबाच्या खोलीचं दार दरवेळी धाडकन भिंतीवर आदळतो. फोन नेमका कुणाचा होता, हा प्रत्येक पुस्तकातला पहिला तपास. पण कॉम्प्युटर बिघडला की याच कातारेल्लाकडे यावं लागतं. कामिल्लेरी इटालियनमध्ये सिसिलीची बोली मिसळून लिहायचा. कोण कुणाशी कुठल्या भाषेत बोलतो, यावरून कोण काय लपवतंय ते कळतं. भाषांतरात यातलं बरंच सांडत असणार. २००३ साली पोर्तो एम्पेदोक्लेनं आपल्या नावाला अधिकृतपणे 'विगाता' जोडून घेतलं. काही वर्षांनी ते पुन्हा काढून टाकलं. या निर्णयामागची कुजबुज ऐकायला मोन्ताल्बानोच हवा होता.

आपल्याकडे काय? बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, पण झुंजार आणि काळापहाड यांना मुंबईच हवी. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे फुरसुंगीचा खरा, पण त्याची धावाधाव बहुधा फुरसुंगीबाहेरच. 'धनंजय'सारख्या अंकांनी दर दिवाळीला रहस्यकथेला हक्काचं घर दिलं, तरी गावच्या पारावर बसलेला हेर मला त्यात क्वचितच भेटला. गाव आपल्या कादंबरीत आलं ते दुष्काळ, भाऊबंदकी, जात, जमीन घेऊन. ते यायलाच हवं होतं. पण त्यामुळे खून हा आपल्या गावात शोकांतिकेचा शेवट ठरला, कोड्याची सुरुवात ठरला नाही.

वाईट वाटतं ते द. मा. मिरासदारांमुळे. त्यांच्या भोकरवाडीत सगळी सामग्री तयार आहे. कुठून तरी खबर घेऊन येणारा नाना चेंगट, तिचा अर्थ लावणारे गणामास्तर, अंगापिंडानं थोर पण अकलेचा ताळमेळ नसलेला बाबू पैलवान. 'भुताचा जन्म' या कथेत नुसत्या बोलाबोलीतून भूत उभं राहतं. गाव खोटी साक्ष कशी तयार करतं, याचा एवढा बारकावा सेंट मेरी मीडमध्येही सापडणार नाही. भोकरवाडीत एक प्रेत तेवढं कमी आहे.

ते प्रेत शेवटी टीव्हीवर सापडलं. २०१६ साली 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली ती नाईकांच्या वाड्यातल्या अण्णांच्या मरणापासून. सावंतवाडीजवळच्या आकेरीत चित्रण, भाषेत मालवणीचा ठसका, घरात जमिनीची भांडणं. भुताटकीचा भाग पुढे मला फार ताणलेला वाटला. पण घरचा गडी पांडू विसरता येत नाही. सगळं पाहणारा, सगळीकडे असणारा, आणि विचारलं की "इसारलंय" म्हणणारा. महाराष्ट्र त्यावर हसला. ते पात्र प्रल्हाद कुडतरकरांनी केलं आणि मालिकेच्या संवादलेखनातही तेच होते, हा योगायोग नसावा. सेंट मेरी मीडच्या म्हातारीनं पांडूला पहिल्याच दिवशी चहाला बोलावलं असतं. आपण त्याचे व्हिडिओ एकमेकांना पाठवत बसलो.