बैठ्या खेळांची वाटचाल : ओसरीपासून अंगणवाडीपर्यंत

घरात बसून खेळायचे जे खेळ, त्यांना मराठीत बैठे खेळ म्हणतात; येथे विचार आहे तो शाळेत जाण्यापूर्वीच्या, म्हणजे साधारणपणे अडीच ते सहा वर्षांच्या मुलांच्या अशा खेळांचा. महाराष्ट्रात या खेळांकडे शिक्षणाचे साधन म्हणून पाहिले जाऊ लागले ते विसाव्या शतकात. तोपर्यंत ते ओसरीवर आणि माजघरात चालत, मोठ्यांच्या कामात मुलांची लुडबुड होऊ नये एवढाच त्यांचा उपयोग मानला जाई. भातुकली, कापडाची बाहुली, कवड्या, चिंचोके आणि सावंतवाडीची रंगीत लाकडी खेळणी ही त्यांची सामग्री होती. त्यांत एकी-बेकीचा खेळ विशेष लक्षात घेण्याजोगा आहे : मुठीतले चिंचोके सम आहेत की विषम हे आधी ओळखायचे, मग मूठ उघडून ते दोन-दोन करून जमिनीवर मांडायचे आणि शेवटी एखादा एकटा उरतो का ते पाहायचे. चार वर्षांच्या मुलाला सम-विषम हे शब्द ठाऊक नसतात, परंतु जोडीवाचून उरलेला चिंचोका त्याला दिसतो, आणि संख्येची ही पहिली ओळख त्याला डोळ्यांनी व बोटांनी होते.

युरोपात अशा हाताच्या कामाला शास्त्रीय रूप आधीच मिळाले होते. जर्मनीत फ्रेडरिक फ्रोबेल यांनी 1837 मध्ये लहान मुलांसाठी संस्था काढून लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन आणि नळकांडे अशी साधने क्रमवार योजली, तर मारिया माँटेसरी यांनी 6 जानेवारी 1907 रोजी रोममधील सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत बालगृह उघडून इंद्रियशिक्षणाची, म्हणजे स्पर्श, दृष्टी, श्रवण यांना वळण देणाऱ्या शिक्षणाची, पद्धत उभी केली. त्यांच्या एका साधनात लाकडी ठोकळ्याला दहा भोके असून प्रत्येक भोकात नेमका बसणारा एकेक दट्ट्या असतो. मुलाने एखादा दट्ट्या चुकीच्या भोकात घातला, तर शेवटचा दट्ट्या उरलेल्या भोकात नीट बसत नाही, त्यामुळे चूक बाईंना दाखवावी लागत नाही, ती साधनच दाखवते. शिवाय दट्ट्याची बारीक मूठ तीन बोटांनी धरावी लागते, आणि पुढे पेन्सिल धरायला लागणारी पकड मुलाच्या हाती लेखनापूर्वीच येते.

माँटेसरींचा हा विचार गुजरातेतील भावनगरला शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये सुरू केलेल्या बालमंदिरात रुजला. 1923 मध्ये बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक तेथे दाखल झाल्या, 1926 मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला आणि 1936 मध्ये दादरला शिशुविहार उभे राहिले. तथापि ताराबाईंचे खरे मोठेपण त्यानंतरच्या टप्प्यात दिसते. माँटेसरी साधनांचा संच महाग होता, खेड्याला तो परवडणारा नव्हता, म्हणून 1945 मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी गावात ग्राम बाल शिक्षा केंद्र काढल्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ यांनी शिंपले, खडे, बिया, पाने, माती आणि काड्या यांनाच साधनांचा दर्जा दिला. जे शिंपले पाचांच्या रांगेत मांडले जातात त्यांचे मोल लाकडी घनापेक्षा कमी नाही, हे त्यांनी रोजच्या वर्गात सिद्ध केले. भारतीय बालशिक्षणातील हा सर्वांत मोलाचा शोध मानला पाहिजे. बालवाडीपर्यंत येऊ न शकणाऱ्या मुलांच्या घरापुढच्या अंगणात बालवाडीच नेण्याची कल्पना याच कामातून आली, आणि तिचेच नाव अंगणवाडी.

हेच नाव 2 ऑक्टोबर 1975 रोजी केंद्र सरकारच्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेतील केंद्रांना मिळाले. योजनेची सुरुवात 33 प्रकल्पांनी झाली. पूरक आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणीबरोबर पूर्वप्राथमिक शिक्षणही तिच्यात होते, पण आहारवाटप आणि नोंदवह्या यांतून अंगणवाडी सेविकेच्या हाती खेळांसाठी वेळ थोडाच उरला, आणि हा दोष सेविकेचा नव्हे. याच काळात शहरांत इंग्रजी माध्यमाच्या बालवर्गांची चढाओढ लागली, आणि ज्या बोटांनी मणी ओवायचे, कागद फाडून चिकटवायचे, कणकेचे गोळे वळायचे, त्या बोटांवर अक्षरे गिरवण्याचे ओझे आले. शालेय अभ्यासाच्या ओझ्याचा विचार करणाऱ्या यशपाल समितीने 1993 मध्ये बालवर्गाच्या प्रवेशासाठी घेतल्या जाणाऱ्या परीक्षा आणि मुलाखती बंद करण्याची शिफारस केली, तरी चित्र फारसे पालटले नाही.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा ठरवून त्यात खेळाला मध्यवर्ती स्थान दिले, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्या टप्प्यासाठी ‘जादुई पिटारा’ हा खेळणी, कोडी, बाहुल्या आणि गोष्टींचा संच प्रसिद्ध झाला. तो संच ज्या घरी किंवा ज्या बालवाडीत पोहोचलेला नाही, तेथील पालकांनी आणि सेविकांनी त्याची वाट पाहत बसू नये. चिंचोके, शिंपले, बिया आणि मळलेल्या कणकेचा गोळा यांवर आजही काम सुरू करता येते.